तिसरा खर्डा

पहिल्या खर्ड्यात हेडाऊ जॉबर दीपस्तंभ होते.
दुसऱ्यात वटवृक्ष.
आईनं चवळीच्या शेंगा मोडता मोडता दोन्ही ऐकले.
म्हणाली, "हे तं कोणाच्याई नावानं चालते.
मागच्या साली पोस्टमास्तर रिटायर झाला,
त्यालेई वडाचं झाडच म्हणून रायले होते."

मी विणकर सोसायटीची हिशेबनीस.
बेरीज जमते, बोलणं नाही.
पण अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं
आणि भाषण माझ्या अंगावर येऊन पडलं:
रविवार, सकाळी अकरा,
गोळीबार चौकामागचा हॉल,
महिना मे.

मग शब्द बाजूला ठेवून आधी माणसं मांडली,
लेजरच्या मागच्या पानावर.
वामन पराते, उजवा कान गेलेला.
शालिक धकाते, दोन्ही.
सखुबाई निमजे, ऐकू येतं म्हणते, येत नाही.
तीस-तीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात उभी राहिलेली माणसं.
खुर्च्या चाळीस,
शाबूत कान अकरा. दोनदा मोजले.
त्यावर दोन कूलर,
खसाच्या नव्या ताट्या लावलेले,
पिठाच्या गिरणीसारखे.

ही माणसं ओठांवरचं वाचतात.
मी आरशासमोर 'कृतज्ञता' म्हणून पाहिलं.
ओठ एकदाही मिटत नाहीत.
खोडलं.
ओठ मिटतील असे शब्द शोधत बसले
रात्री दीडपर्यंत:
माग. बोट. बॉबिन. पगार. भाकर.
'अविस्मरणीय' गेलं,
'मार्गदर्शन' गेलं,
'याप्रसंगी' मात्र सुटता सुटेना.

दुसऱ्या दिवशी कवडूला गाठलं, टपरीवर,
तर्री-पोह्याच्या प्लेटसह.
म्हटलं, जॉबरबद्दल एकच सांग,
जे दुसऱ्या कोणाबद्दल सांगता येणार नाही.
त्यानं बराच वेळ पोहे चिवडले.
"त्यायचे कान तं ब्यांशीतच गेले.
पण माग बिघडाच्या आधी त्याईले समजे.
चौकटीवर असा तळहात ठेवत, डोये मिटत,
अन् म्हणत, पट्टा पाय.
पट्टाच राहे."

हे मी होतं तसं उतरवून घेतलं.
त्याच्यापुढे माझं एकही वाक्य टिकेना,
तीन पानं फाडली.
राहिली अडीच.
आईनं कुकर लावून वेळ मोजली,
तुरीच्या डाळीला चार शिट्या.
"डाळ शिजाच्या आत संपव," म्हणाली,
"लोकाईले जेवाचंई असते."

रविवारी उभी राहिले.
हनुवटी वर, कागद छातीच्या खाली,
तोंड झाकायचं नाही हे हातावर पेनानं लिहून.
पहिलं वाक्य: "पट्टा पाय."
सखुबाई हसली, म्हणजे पोचलं.
शालिक धकातेंनी शेजारच्याला कोपर मारलं.
मी दुसऱ्या पानाकडे वळले, तोच
सत्काराच्या खुर्चीतून जॉबर उठले,
गळ्यातला हार सावरत
स्टेजच्या कडेला आले
आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला.
डोळे मिटले.

कूलर सोडले तर हॉल गप्प.
मी बोलत राहिले, कशी ते माहीत नाही,
माझा शब्द न् शब्द
त्या हाताखालून चाललेला.

मग त्यांनी दुसरा हात वर केला,
आडवा, सपाट.
माग बंद.
शेडमधल्या कोणालाही विचारा, तीच खूण.
चाळीसच्या चाळीस माना माझ्याकडे वळल्या.
मी थांबले.

जॉबर म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
"पोरी, थरथरून रायली तू.
पाणी पे आधी."

पाणी प्यायले.
तोवर कोणीतरी शाल पुढे केली,
कोणीतरी टाळी सुरू केली, आणि ते झालंच.

अध्यक्ष आता काठी घेऊन ऑफिसला येतात.
भाषण कसं झालं, विचारतात.
मी लेजर उघडून दाखवते, मे महिन्यापाशी
घडी घालून ठेवलेला कागद.
शिल्लक: दीड पान.